पुनो ते ला पाझ बसने : डायरेक्ट गाडी घ्यावी की वडापने तुकड्या-तुकड्यांत जावं?

सुटसुटीत (२२ मार्च २०२५)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज कामासाठी धागा काढतेय.

मी टेक्सासमध्ये नोकरी करते. आई सिन्नरहून सहा महिन्यांसाठी आली आहे, वय ६१, बीपीची एक गोळी चालू, पायी वारी तीनदा केलेली. मे महिन्यात आम्ही दोघी पेरूला जातोय. लिमा, कुस्को, माचू पिचू, मग तितिकाका सरोवराकाठचं पुनो. तिथून रस्त्याने बोलिव्हियात शिरायचं, कोपाकबाना बघायचं, ला पाझ गाठायचं आणि त्याच वाटेने कुस्कोला परत येऊन विमान पकडायचं, असा बेत आहे.

पैसे मोजून-मापून आहेत. पुनोहून ला पाझला 'डायरेक्ट' टूरिस्ट बस मिळतात असं दिसतंय, पण स्थानिक गाड्या बदलत गेलं तर निम्म्याहून कमी खर्च येतो असंही कुणीकुणी लिहिलंय. आईला घेऊन हे झेपेल का? बॉर्डरवर नक्की काय होतं? आणि आई माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. ती काय खाईल?

---

वडाप_किंग (२२ मार्च)

झेपेल. मी मागच्या ऑगस्टमध्ये एकटा गेलो होतो, सगळं सांगतो. चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पुनोहून बोलिव्हियात जायला दोन नाकी आहेत. एक देसाग्वादेरो, जिथून ट्रक आणि व्यापारी जातात. पुलाच्या दोन्ही बाजूंना बाजार, धक्काबुक्की, हातगाड्या. ला पाझला तो रस्ता जवळचा. दुसरं कासानी, सरोवराला लागून, छोटं आणि शांत. कोपाकबाना बघायचं असेल तर कासानीच.

पुनोत दोन बसस्थानकं आहेत. मोठ्या स्थानकातून, म्हणजे तेर्मिनाल तेर्रेस्त्रेमधून, टूरिस्ट बस सुटतात, साधारण सकाळी सातच्या सुमाराला. तिथून जवळच तेर्मिनाल सोनाल आहे. ते आपलं. तिथे छोट्या व्हॅन उभ्या असतात आणि पोरं 'युंगुयो, युंगुयो, युंगुयो' ओरडत असतात. स्वारगेटबाहेर 'सातारा सातारा' ओरडतात त्याच सुरात. यांना कोलेक्तिवो म्हणतात. वेळापत्रक नाही, भरली की सुटते. म्हणजे शुद्ध वडाप.

रस्ता सरोवराच्या काठाने जातो. इलावे, हुली, पोमाता अशी गावं लागतात. अडीच तासांत युंगुयो. तिथल्या चौकातून मोटोटॅक्सी करायची, दोन-तीन किलोमीटरवर कासानी. पेरूच्या ऑफिसात बाहेर पडल्याचा शिक्का, मग चढावर पायी तीन-चारशे मीटर, दगडी कमान, कमानीपलीकडे बोलिव्हियाचं ऑफिस, तिथे आत आल्याचा शिक्का. बाहेर परत व्हॅन. आठ किलोमीटरवर कोपाकबाना.

महत्त्वाचं : वडापवाला तुम्हाला शिक्क्यासाठी थांबवणार नाही. त्याच्या गाडीतली निम्मी माणसं बाजाराला पलीकडे जाऊन संध्याकाळी परत येणारी. तुम्ही पेरूचा शिक्का न घेता कमानीखालून चालत गेलात तर कुणी हटकेलच असं नाही. पण बोलिव्हियावाला पासपोर्ट उघडतो, पेरूचा शिक्का दिसत नाही आणि तुम्हाला परत खाली पिटाळतो. चढ दोनदा. ३,८०० मीटर उंचीवर तो चढ विनोद नाही.

---

पिठलंभाकर (२२ मार्च)

वडाप काय वडाप. आमच्याकडे काळीपिवळी म्हणतात.

बाकी माहिती छान.

---

सांतियागोकर (२३ मार्च)

मी या खंडात आठ वर्षं आहे, म्हणून थोडं उलट बोलतो.

एकटा तरुण माणूस आणि ६१ वर्षांची आई यांत फरक आहे. डायरेक्ट बसमध्ये मोठं सामान खालच्या डिकीत राहतं आणि कमानीपलीकडे गाडी तुमची वाट बघत उभी असते. क्लीनर तुम्हाला कुठल्या रांगेत उभं राहायचं ते दाखवतो. वडापमध्ये बॅगा तुम्ही ओढणार.

मात्र 'डायरेक्ट' या शब्दावर फार जाऊ नका. पुनोहून ला पाझचं कासानीमार्गे तिकीट घेतलं तरी कोपाकबानात बहुतेक वेळा गाडी बदलायला लावतात, मध्ये तास-दोन तास मोकळे. माझ्या पाहुण्यांना एजंटने 'एकच गाडी, जागा तीच' असं सांगून तिकीट विकलं आणि कोपाकबानात त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं. त्यामुळे डायरेक्ट घ्यायची तरी फक्त कोपाकबानापर्यंतची घ्या. तिथे मुक्काम करा, पुढचं पुढे.

आता खरी गोची. सुटसुटीत, तुमचा अमेरिकेचा व्हिसा कधी संपतोय? पेरूमध्ये आपल्याला व्हिसा लागत नाही तो अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनच्या व्हिसाच्या जोरावर, आणि त्या व्हिसाची मुदत किमान सहा महिने असावी लागते. आईचा दहा वर्षांचा असेल, तिचं काही नाही. तुमचा एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा शिक्का? तुम्ही पेरूत दोनदा शिरणार आहात. पहिल्यांदा लिमा विमानतळावर, दुसऱ्यांदा बोलिव्हियातून परत येताना कासानीला. दुसऱ्या वेळीही तेच मोजमाप.

---

सुटसुटीत (२३ मार्च)

बाप रे. माझा शिक्का २० नोव्हेंबरला संपतोय. लिमात ९ मेला उतरणार, तेव्हा सहा महिने आणि वर अकरा दिवस. परत येताना २३ मे. म्हणजे तीन दिवस कमी!

हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

---

सांतियागोकर (२३ मार्च)

मग परत येऊच नका. ला पाझहूनच विमान घ्या. विमानतळ वर एल आल्तोला आहे. थोडे जास्त पैसे जातील, पण कासानीच्या कमानीखाली एक पाय इकडे एक पाय तिकडे असं अडकण्यापेक्षा बरं.

बोलिव्हियाचा व्हिसा मात्र वेगळा काढावा लागेल. आधी ऑनलाइन अर्ज भरायचा, मग कागद घेऊन वकिलातीत. कुस्को आणि पुनो दोन्हीकडे बोलिव्हियाची वकिलात आहे. हॉटेलचं बुकिंग, प्रवासाचा बेत, बँकेचं स्टेटमेंट, फोटो, यलो फीव्हरच्या लसीचं कार्ड. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. सीमेवरही व्हिसा देतात, पण आईला बाकावर बसवून तो खटाटोप नको. कागद हातात असलेला बरा.

---

डॉ_घाटमाथा (२३ मार्च)

यलो फीव्हरचा विषय निघालाच आहे तर थांबवतो.

साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त आहे. 'प्रवासाला लागते म्हणून टोचून घेतली' असं करू नका. शिवाय कुस्को, माचू पिचू, पुनो, कोपाकबाना, ला पाझ एवढाच बेत असेल तर हा सगळा डोंगराळ भाग आहे. २,३०० मीटरच्या वर या आजाराचा धोका धरत नाहीत. माचू पिचू तेवढं त्याच्या किंचित वर, २,४३० मीटरला आहे. म्हणजे आईंना लस आजारासाठी नाही, कागदासाठी लागते आहे. अशा वेळी डॉक्टर अधिकृत कार्डावरच 'वैद्यकीय कारणास्तव लस दिलेली नाही' अशी नोंद करून सही-शिक्क्याचं पत्र देऊ शकतात. लसीकरण केंद्रात हे विचारा. तुम्ही तरुण आहात, तुम्ही घ्या. प्रवासाआधी किमान दहा दिवस, त्याशिवाय कार्ड ग्राह्य धरत नाहीत.

आता उंची. कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को ३,४०० च्या आसपास, पुनो ३,८२७. लिमा समुद्रसपाटीला. विमानाने दीड तासात तुम्ही दोन कळसूबाई एकावर एक चढता. माझा आग्रह असा की कुस्कोत उतरलात की त्याच दिवशी टॅक्सीने खाली ओयांतायताम्बोला जा, ते २,८०० मीटरच्या आत आहे. दोन रात्री तिथे झोपा, माचू पिचू करा, मग कुस्को, मग पुनो. वर चढण्याचा हा क्रम शरीराला मानवतो. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, सुरू करायची का, हे बीपीची गोळी आणि सल्फाची अ‍ॅलर्जी लक्षात घेऊन त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावं. इथे गोळ्यांचे डोस विचारू नका, मी सांगणार नाही.

---

कोकणी_खेकडा (२३ मार्च)

डॉक्टर, भारतात उतरताना यलो फीव्हरचं कार्ड नसेल तर सहा दिवस कोंडून ठेवतात ना? मग आईंना लस लागणारच की.

---

डॉ_घाटमाथा (२३ मार्च)

पेरू-बोलिव्हिया सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर. या बाई टेक्सासला परतून पुढे दोन महिने तिथे राहणार आहेत. त्यांना तो नियम लागू होत नाही. पण तिकडून थेट मुंबईला येणाऱ्यांनी खेकडेसाहेबांचं म्हणणं गाठीला बांधा, तिथे खरंच अडवतात.

---

निवृत्त_कंडक्टर (२३ मार्च)

मी एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली अकरा नाशिक विभागात. त्यामुळे सिन्नरचं नाव वाचून थांबलो. परदेश पाहिला नाही. तरी दोन गोष्टी सांगू का, पोरी?

गाडी बदलायची असो नसो, बसमधून उतरताना गाडीचा नंबर तळहातावर पेनाने लिहायचा. मोबाइलमध्ये नाही, हातावर. गर्दीत सगळ्या गाड्या सारख्या दिसतात आणि मोबाइल नेमका तेव्हाच पिशवीत तळाला असतो.

दुसरं, वरच्या फळीवर काही ठेवायचं नाही. कुणी फारच अगत्याने 'द्या मावशी, वर ठेवतो' म्हणाला तर पिशवी मांडीवर घ्यायची आणि त्याच्याकडे बघून हसायचं. पासपोर्टाची पिशवी पोटाला, पदराच्या आत.

एक शंका. वडाप_किंगने लिहिलंय की भरली की सुटते. भरली म्हणजे किती? बाकावर चार की पाच?

---

वडाप_किंग (२३ मार्च)

काका, नियमाने बाकावर तीन. त्यात एक मेंढीचं कातडं, दोन पोती बटाटे आणि कुणाचं तरी झोपलेलं बाळ धरलेलं नाही.

---

अर्धीखिडकी (२४ मार्च)

सगळ्यांनी रस्ता चालू असेल असं गृहीत धरलंय, म्हणून लिहिते.

मी जानेवारी २०२३ मध्ये याच वाटेवर जाणार होते. ७ डिसेंबर २०२२ ला पेरूच्या राष्ट्राध्यक्षांना, कास्तियोंना, पदावरून काढलं आणि दक्षिण पेरू पेटून उठला. पुनो आणि हुलियाकाकडचे रस्ते कित्येक आठवडे बंद. रस्त्यावर दगड, टायर, झाडाची खोडं. मी लिमातूनच बेत बदलला. विमानाने दक्षिण पेरूतलं ताक्ना, तिथून शेअर टॅक्सीने चिलीतलं आरिका (तासाभराचं अंतर, चिलीचा व्हिसा सुदैवाने हाताशी होता), आणि आरिकाहून बसने ला पाझ. तो घाट साडेचार हजार मीटरच्या वर जातो. डोकं इतकं ठणकत होतं की बर्फाचे ज्वालामुखी खिडकीबाहेर होते आणि मी डोळे मिटून बसले होते.

बोलिव्हियातही रास्ता रोको हा बारमाही प्रकार आहे. त्याला तिथे ब्लोकेओ म्हणतात. सरकारच्या रस्ते खात्याचा, एबीसीचा, नकाशा ऑनलाइन असतो. कुठला रस्ता बंद, कुठला चालू, ते त्यावर दिसतं. निघायच्या आदल्या रात्री तो बघायचाच. आणि बेतात एक दिवस रिकामा ठेवायचा. तो एक दिवस म्हणजेच विमा.

पैशाचं : मार्च २०२५ मध्ये बोलिव्हियात सरकारी दराने डॉलरला सात बोलिव्हियानोंच्याही आत मिळत होते. २०११ पासून तो आकडा तिथेच गोठवला होता. पण २०२३ पासून देशात डॉलरची टंचाई झाली आणि बाजारात तेव्हा जवळपास दुप्पट मिळत होते. म्हणजे तेव्हा कार्ड घासलं तर सगळं दुप्पट महाग. रोख डॉलर न्या, नोटा कोऱ्या हव्यात. घडीवर जरा फाटलेली नोट कुणी हातात धरत नाही.

---

सुटसुटीत (२४ मार्च)

किती ती माहिती. आईला वाचून दाखवलं. कंडक्टरकाकांचं नाव काय म्हणून विचारत होती, सिन्नर-नाशिक गाडीवर असतील तर ओळखत असेन म्हणाली.

खाण्याचं कुणीच बोललं नाही!

---

पिठलंभाकर (२४ मार्च)

माझा विषय आला.

'सोय वेखेतारियाना' म्हणाल तर मान डोलावतील आणि कोंबडी आणून देतील. 'सिन कार्ने' म्हणजे मटण नको, एवढाच अर्थ धरतात. म्हणून यादी वाचायची : सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हुएवो. मटण, कोंबडी, मासा, अंडं, सगळ्याला स्वतंत्र नकार. सूप बहुतेक हाडांच्या पाण्यातलं असतं, तेही विचारायचं.

पण माळकरी माणूस उपाशी राहणार नाही. किविचा नावाचं धान्य मिळतं, त्याच्या लाह्यांच्या गुळचट वड्या बाजारात असतात. तोंडात टाकल्यावर कळेल, हा आपला राजगिरा. खरोखरच तो राजगिऱ्याच्याच कुळातला. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा. म्हणजे आपली एकादशी अर्धीअधिक अँडीजमधून आलेली आहे.

बोलिव्हियात शेंगदाण्याचं सूप करतात, सोपा दे मानी. दिसायला थेट आपली उपासाची दाण्याची आमटी. पण त्यात मांसाचा तुकडा असतो, म्हणून सावध. सकाळी आपी मिळतं, जांभळ्या मक्याचं दाट गरम पेय, दालचिनी-लवंग घातलेलं. ते बिनधास्त प्यावं.

---

कोकणी_खेकडा (२५ मार्च)

कोकाच्या पानांचा चहा?

---

अर्धीखिडकी (२५ मार्च)

तिथे कायदेशीर, हॉटेलात फुकट ठेवलेला असतो, उंचीवर बरा वाटतो. चव पालकाच्या उकळलेल्या पाण्यासारखी. पण त्याची पाकिटं भेट म्हणून बॅगेत घालू नका. अमेरिकेत आणि भारतात दोन्हीकडे कोकाचं पान बेकायदा आहे. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. शेजाऱ्यांना चहा पाजायच्या नादात नको ते होईल. मुन्या नावाचा पुदिन्यासारखा पाला मिळतो, तिथे असताना तो प्या.

---

सुटसुटीत (८ जून २०२५)

आलो परत! धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना हिशेब द्यायचाय.

परतीचं विमान ला पाझहून केलं. बोलिव्हियाचा व्हिसा कुस्कोत मिळाला, दोन फेऱ्या मारून. पहिल्या फेरीत फोटोची पार्श्वभूमी पांढरी नव्हती म्हणून परत पाठवलं. आईच्या लसीऐवजीचं पत्र तिथल्या बाईंनी दोनदा वाचलं, कुणाला तरी फोन केला आणि शिक्का मारला. डॉक्टर, तुमचे पाय कुठे आहेत?

ओयांतायताम्बोला दोन रात्री आधी राहिलो त्याचा उपयोग झाला. आईला पुनोत पहिल्या रात्री झोप लागली नाही, एवढंच. उलट्या मला झाल्या.

वडापनेच गेलो. टूरिस्ट बसचे माणशी ७० सोल (पेरूचं चलन) सांगितले, कोपाकबानात गाडी बदलून ला पाझ. आईच म्हणाली, 'गाडी बदलायचीच असली तर आपल्या मर्जीने बदलू.' सकाळी सहाला तेर्मिनाल सोनाल. माणशी १० सोल. काका, बाकावर तीनच, पण माझ्या पायाशी गॅसची शेगडी. हुलीच्या पुढे सरोवर जसं दिसलं ते मी सांगत बसत नाही. आईने तेव्हा मागच्या बाईला एक राजगिऱ्याची वडी दिली, बाईने भाजलेल्या हरभऱ्याएवढ्या जाड मक्याच्या लाह्या दिल्या. दोघी मग युंगुयोपर्यंत बोलत होत्या. आई मराठीत, त्या बाई आयमारात. काय बोलल्या ते दोघींनाच ठाऊक. मला आई म्हणाली, तिची सून चांगली आहे.

युंगुयोच्या चौकात आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. समोर बजाजची रिक्षा! पत्रा निराळा, रंग भडक, पण बजाज. रिक्षा वाळूजच्या कारखान्यातून इथवर आली म्हणून आईने रिक्षावाल्याला तीन सोलचे चार दिले. बजेटचा असा निकाल लागला.

कासानीला पावणेनऊला पोचलो आणि इथे वडापचा असा फायदा कळला जो कुणी लिहिला नव्हता. टूरिस्ट बस पुनोहून सातला निघतात, त्या तासाभराने येतात. आम्ही पोचलो तेव्हा पेरूच्या खिडकीपुढे आमच्यापुढे फक्त एक माणूस, त्याच्या हातात कोंबडा. पाच मिनिटांत शिक्का. मग तो चढ. वडाप_किंग, तुम्ही तीन-चारशे मीटर लिहिलेत, आईने तीन ठिकाणी बसून पार केले. कमानीखाली तिने चपला नीट केल्या आणि म्हणाली, 'आता कुठल्या देशात आहे मी?' खरं तर मलाही सांगता आलं नाही.

पलीकडच्या खिडकीवर पासपोर्टाची झेरॉक्स मागितली. होती. पण व्हिसाच्या पानाचीही मागितली, ती नव्हती. बाजूच्या दुकानात झेरॉक्स, त्यासाठी सुटे बोलिव्हियानो नाहीत, म्हणून आधी पैसे बदलणारी बाई. मी झेरॉक्सच्या रांगेतून वळून बघितलं तेव्हा खाली टूरिस्ट बस येऊन थांबली होती आणि चाळीस माणसं चढ चढत होती. पळत जाऊन खिडकी गाठली. तर मंडळी, सांतियागोकरांच्या दोन-दोन झेरॉक्समध्ये व्हिसाचं पानही धरा, व्हिसा हातात पडल्यावर काढा.

घड्याळ एक तास पुढे. बोलिव्हिया पेरूच्या एक तास पुढे आहे, हे माहीत असूनही मी विसरले. सरोवरातल्या इस्ला देल सोल बेटाच्या दुपारच्या होडीचं मनातल्या मनात केलेलं गणित चुकलं असतं, आईच्या एचएमटीने वाचवलं. तिने कमानीतच काटे फिरवले होते.

कोपाकबानाबद्दल वेगळा धागा काढावा लागेल, पण एक सांगते. रविवारी चर्चच्या दारात गाड्यांची रांग लागते. टॅक्सी, मिनीबस, नवी कोरी गाडी, पेरूच्या पाटीच्यासुद्धा. बॉनेटवर झेंडूसारखी फुलं, रंगीत कागद, माळा. पाद्री पाणी शिंपडतो, मालक बिअर शिंपडतो, मग फटाके. आई म्हणाली, 'अगं, यांचा दसरा आज आहे वाटतं.' आत मेरीमातेची मूर्ती आहे, १५८३ मध्ये तिथल्याच एका स्थानिक माणसाने घडवलेली. बोलिव्हियाची कुलदेवता म्हणा. रिओच्या चौपाटीला कोपाकबाना हे नाव या गावावरून पडलं, उलट नव्हे.

ला पाझची गाडी ४० बोलिव्हियानो. मध्ये तिकिना. सरोवर इथे अरुंद होतं, पूल नाही. सगळ्यांनी उतरायचं, दोन बोलिव्हियानो देऊन छोट्या लाँचमधून पलीकडे जायचं, आणि रिकामी बस लाकडी तराफ्यावर चढवून वेगळी नेतात. दाभोळची फेरीबोट आठवा, फक्त तराफा लाकडी आणि एकावर एकच बस, डुलत. काठावर बोलिव्हियाच्या नौदलाचा तळ आहे. १८७९ च्या युद्धात चिलीने यांचा समुद्र नेला, नौदल मात्र यांचं आजही आहे.

पलीकडे उतरलो तर पाच पांढऱ्या बस, पाचही 'ला पाझ'. आईने पदर बाजूला केला आणि तळहात दाखवला. निळ्या पेनाने नंबर. काका, मी लिहिला नव्हता हो, तिने लिहिला होता. चौथी गाडी आमची. दोन परदेशी मुलं आमच्यामागून भलत्याच गाडीत चढून परत उतरली.

बस कब्रस्तानाजवळ सोडते, मोठ्या स्थानकावर नाही. तिथेच लाल केबल कारचं स्टेशन आहे, तीन बोलिव्हियानोंत शहरात. रात्रीची वेळ, खाली दिव्यांचा वाडगा. माणशी एकूण १२ सोल आणि ५० बोलिव्हियानो. बाजारभावाने सात डॉलरच्या आत.

---

सांतियागोकर (८ जून)

म्हणजे माणशी बारा डॉलर वाचवायला पायाशी शेगडी, झेरॉक्सची पळापळ आणि कब्रस्तान?

---

सुटसुटीत (८ जून)

आईला विचारलं. म्हणाली, त्यांना सांग, बारा डॉलरमध्ये ती मागची बाई भेटली नसती.

---

निवृत्त_कंडक्टर (९ जून)

आईंना नमस्कार सांग. सिन्नर-नाशिक सकाळची ७:१० ची गाडी माझी होती, १९९४ ते ९७. विचार त्यांना.

---

सुटसुटीत (९ जून)

काका, ती म्हणते ७:१० ची कायम उशिरा यायची.

---

घाटातला_प्रवासी (११ जून)

धागा वाचून काढला. मी उलट्या दिशेने येतोय, ला पाझ ते पुनो, पुढच्या महिन्यात. मग मला एक तास जास्त मिळेल ना?

---

अर्धीखिडकी (११ जून)

घड्याळात मिळेल. पण नाकं संध्याकाळी बंद होतं, त्यामुळे कोपाकबानाहून दुपारची शेवटची गाडी धरू नका. आणि आधी रस्त्यांचा नकाशा बघा. जूनच्या सुरुवातीपासून बोलिव्हियात परत ब्लोकेओ सुरू झालेत.